हंगामाचा धावपटू कसा ठरवावा?

फुलसावंगी, महागाव, उमरखेड, पुसद, आर्णी आणि पैनगंगेपलीकडचं माहूर या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर आलात तर धावणारी मुलं-मुली दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस किंवा सैन्यभरतीचं ग्राऊंड असतं. कुणी १६०० मीटरची वेळ कमी करायच्या मागे असतं, कुणी दहा किलोमीटरचा पल्ला गाठायच्या. दिवाळीनंतर गावोगावी खुल्या धावण्याच्या स्पर्धा सुरू होतात. कुठे जयंतीनिमित्त, कुठे यात्रेत, कुठे प्रजासत्ताक दिनाला. रोख बक्षीस, करंडक, पाहुण्यांसोबत फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. प्रत्येक शर्यतीला विजेता मिळतो, हंगामाला मात्र मिळत नाही. वर्षभर सहा ठिकाणी धावून सहाही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या मुलीची नोंद कुणाच्याच वहीत नसते.

ही नोंद ठेवणं अवघड नाही. पण ती कशी ठेवायची यामागे बराच विचार लागतो. जगभरातल्या स्पर्धांनी यावर वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत आणि त्यातली काही आपल्या तालुक्यांना सहज पेलतील अशी आहेत.

घड्याळ पुरत नाही

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो वेळेचा. सगळ्यांच्या वेळा लिहा, ज्याची सर्वांत कमी तो पहिला. मैदानावरच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चालतं, कारण नियमाप्रमाणे आखलेला ट्रॅक कुठेही सारखाच असतो. रस्ता तसा नसतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरावं लागतं. या दोन मार्गांवरच्या वेळा शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवता येणार नाही. आपल्याकडे तर एक शर्यत सपाट महामार्गावर होते, दुसरी माहूरच्या डोंगराच्या बाजूला चढ-उतारावर, तिसरी खडीच्या रस्त्यावर.

हवामानाचाही हिशोब आहेच. लांब पल्ल्याच्या धावण्याला साधारण १० ते १२ अंशांची थंड हवा मानवते. डिसेंबरच्या पहाटे महागावात जो मुलगा दहा किलोमीटर ३८ मिनिटांत धावेल, तोच मुलगा मार्चमध्ये सकाळी नऊला सोडलेल्या शर्यतीत दोन-तीन मिनिटं जास्त घेईल. त्यात त्याची तयारी कमी पडली असं म्हणता येत नाही.

जागतिक पातळीवरही हा पेच आहे. २०११ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या जेफ्री मुताईने २ तास ३ मिनिटं २ सेकंद अशी वेळ दिली. तेव्हाचा जागतिक विक्रम हायले गेब्रसेलासीच्या नावावर होता, २ तास ३ मिनिटं ५९ सेकंद. मुताई त्याहून जवळपास मिनिटभर वेगवान धावला, तरी त्याची वेळ विश्वविक्रम म्हणून धरली गेली नाही. नियम असा आहे की सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावं, आणि मार्गाचा एकूण उतार किलोमीटरमागे सरासरी एक मीटरहून जास्त नसावा. बोस्टनचा मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि सुमारे १४० मीटर खाली उतरतो. माणूस खराच वेगवान धावला होता, पण तो मार्ग तुलनेला योग्य नव्हता.

आधी अंतर खरं हवं

उतार-चढाआधीची अडचण म्हणजे अंतरच खरं नसणं. काटा खोटा असेल तर कापसाला भाव कितीही चांगला लागो, शेतकऱ्याच्या पदरात माप कमीच पडतं. शर्यतीचंही तसंच आहे. दहा किलोमीटर म्हणून जाहीर केलेला मार्ग प्रत्यक्षात २०० मीटर कमी भरला, तर चार मिनिटाला किलोमीटर या वेगाने धावणाऱ्याला ४८ सेकंद फुकटात मिळतात. तो मुलगा ती वेळ खरी मानून बसतो आणि पुढच्या शर्यतीत निराश होतो.

रस्त्यावरची शर्यत मोजायला आंतरराष्ट्रीय संस्था आजही सायकलच वापरतात. सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटं मोजयंत्र लावलेलं असतं, त्याला जोन्स काउंटर म्हणतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर ती सायकल अनेकदा चालवून एका किलोमीटरला यंत्रावर किती आकडे पडतात हे ठरवतात. मग शर्यतीचा मार्ग शक्य तितक्या आखूड वाटेने, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून मोजतात. शेवटी मार्ग चुकूनही आखूड पडू नये म्हणून त्यात हजारात एक भाग मुद्दाम वाढवतात. म्हणजे दहा किलोमीटरची प्रमाणित शर्यत प्रत्यक्षात दहा किलोमीटर आणि दहा मीटर आखलेली असते.

आपल्याकडे बहुतेक आयोजक मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाईलच्या ॲपवर भरवसा ठेवतात. मोटारसायकलचा मीटर शंभर मीटरच्या आतला फरक दाखवत नाही आणि मोबाईल वळणं कापतो. जोन्स काउंटर मिळाला नाही तरी मोजपट्टीने १०० मीटर आखून, सायकलच्या चाकाच्या एका फेरीचं अंतर त्यावर पक्कं करून, चाकावर खूण बांधून फेऱ्या मोजता येतात. सकाळी वाहनं नसताना दोन-तीन तासांचं काम आहे. हे काम एकदा झालं की मार्ग कायमचा पक्का होतो.

क्रमांकाला गुण

रस्ते वेगळे, हवा वेगळी, तर सारखं काय राहतं? त्या दिवशी त्या रस्त्यावर जे धावले, ते सगळे एकाच चढावर आणि एकाच उन्हात धावले. म्हणून त्यांच्यातला क्रम हीच सर्वांत विश्वासाची गोष्ट. हंगामभराची क्रमवारी लावणाऱ्या अनेक स्पर्धा याच आधारावर उभ्या आहेत.

मोठ्या मॅरेथॉनांनी एकत्र येऊन २००६ साली वर्ल्ड मॅरेथॉन मेजर्स ही मालिका सुरू केली. तिच्यात पुढे पहिल्या पाचांना २५, १६, ९, ४ आणि १ असे गुण देण्याची पद्धत आली. हे आकडे म्हणजे ५, ४, ३, २ आणि १ यांचे वर्ग. वरच्या क्रमांकांमध्ये फरक मोठा ठेवला की जिंकण्याची ओढ टिकते. शिवाय एका धावपटूच्या दोनच शर्यतींचे गुण धरण्याचा नियमही आला, कारण शरीर वर्षात चार मॅरेथॉन पूर्ण जोमाने धावू शकत नाही.

डायमंड लीग या ॲथलेटिक्सच्या मालिकेत पहिल्या आठांना ८ पासून १ पर्यंत गुण मिळतात आणि त्या बेरजेवर वर्षाअखेरच्या अंतिम स्पर्धेचा प्रवेश ठरतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, या यादीत तीन गुणांसह चौदावा होता. वरच्या चौघांनी भाग घेतला नाही म्हणून त्याला ब्रुसेल्सच्या अंतिम फेरीत जागा मिळाली आणि तिथे तो नववा आला. जगातल्या सर्वोत्तमांच्या यादीत तीन गुणांचंही मोल असतं, हे यातून दिसतं.

एकच हंगाम, तीन विजेते

गुण ठरले तरी ते मोजायचे कसे हा प्रश्न उरतोच, आणि खरे वाद इथेच होतात. एक उदाहरण घेऊ. समजा हंगामात सहा शर्यती आहेत. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३, पाचव्याला ११, सहाव्याला १०, आणि पुढे एकेक कमी होत पंधराव्याला १.

पहिला धावपटू तीनच शर्यतींना आला, तिन्ही जिंकला. त्याचे ७५ गुण.

दुसरा सहाही शर्यती धावला. तीनदा दुसरा, दोनदा तिसरा, एकदा चौथा. त्याचे १०५ गुण.

तिसरा पाच शर्यती धावला. दोन जिंकल्या, एकदा दुसरा, एकदा सहावा, एकदा सातवा. त्याचे ८९ गुण.

सगळ्या गुणांची बेरीज केली तर एकही शर्यत न जिंकलेला दुसरा धावपटू हंगामाचा विजेता ठरतो. सरासरी काढली तर पहिल्याची २५, तिसऱ्याची १७.८ आणि दुसऱ्याची १७.५. म्हणजे तीनदाच आलेला पहिला जिंकतो. उत्तम चार शर्यतींचे गुण धरले तर तिसऱ्याचे ८०, दुसऱ्याचे ७६ आणि पहिल्याचे ७५ होतात, आणि तिसरा पहिला येतो.

धावणारे तेच, शर्यती त्याच, निकालही तेच. नियम बदलला की विजेता बदलतो. म्हणून कोणता नियम निवडता यापेक्षा तो केव्हा सांगता याला जास्त महत्त्व आहे. पहिली शर्यत सुटण्याआधी नियम छापून लावला असेल तर कुणाला तक्रारीला जागा राहत नाही. शेवटची शर्यत झाल्यावर नियम ठरवला, तर तो कितीही योग्य असला तरी कुणातरी एकासाठी केलेला वाटतो, आणि तसं वाटणं चुकीचंही नसतं.

माझं मत उत्तम चारच्या बाजूने आहे. बेरजेच्या पद्धतीत ज्याच्या घरी मोटारसायकल आणि पेट्रोलला पैसे आहेत तो पुढे जातो. सरासरीत एक शर्यत जिंकून घरी बसणाऱ्याचा फायदा होतो. आपल्या भागात हंगामाच्या सुरुवातीला सोयाबीनची काढणी असते, मग कापसाची वेचणी लागते, त्यात लग्नसराई, परीक्षा, भरतीच्या तारखा. दोन शर्यती चुकल्या तरी चालतील असा नियम शेतकरी-मजुरांच्या मुलांना न्याय देतो, आणि चार वेळा तरी उभं राहायला लावतो.

तगडी शर्यत आणि हलकी शर्यत

क्रमांकाला गुण देण्याच्या या पद्धतीवर एक रास्त आक्षेप आहे. बारा जणांच्या शर्यतीतला पहिला आणि ऐंशी जणांच्या शर्यतीतला पहिला यांना सारखेच गुण का?

जागतिक ॲथलेटिक्स संघटना यासाठी दुहेरी हिशोब करते. वेळेला तक्त्यानुसार गुण, आणि त्यावर स्पर्धेच्या दर्जानुसार क्रमांकाचे गुण. धावपटूच्या उत्तम कामगिऱ्यांची सरासरी काढून जागतिक क्रमवारी लागते. ऑलिम्पिकच्या प्रवेशासाठीही आता ठरावीक वेळेबरोबर ही क्रमवारी धरली जाते. खूप उतार असलेल्या मार्गावरच्या वेळेचे गुण यात कापतात.

दुसरी वाट बुद्धिबळाने दाखवली. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक आर्पाद एलो यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिच्यात बलवानाला हरवलं तर गुण जास्त वाढतात, दुबळ्याला हरवलं तर थोडेच. शर्यतीकडेही असं पाहता येतं. तीस जणांची एक शर्यत म्हणजे ४३५ जोड्यांचे सामने. ही पद्धत अचूक आहे, पण पारावर बसून कुणालाही तिचा हिशोब करता येणार नाही. गावपातळीवरच्या क्रमवारीत प्रत्येक धावपटूला आपले गुण स्वतः जुळवून पाहता आले पाहिजेत. तसं झालं नाही तर यादीवरचा विश्वास उडतो.

त्यामुळे साधे उपाय बरे. किमान पंधरा जणांनी शर्यत पूर्ण केली तरच पूर्ण गुण, नाहीतर निम्मे. हंगामातली एक शर्यत मुख्य म्हणून आधीच जाहीर करून तिला दीडपट गुण. आणि बक्षिसासाठी नाशिक, परभणी किंवा नागपूरहून येणाऱ्या धावपटूंचं मनापासून स्वागत करावं, बक्षीसही त्यांना द्यावं, पण परिसराच्या यादीत गुण देताना त्यांना वगळून क्रम नव्याने लावावा. मोठ्या धावपटूमागे धावण्यात तोटा व्हायला नको, उलट तिथेच मुलं शिकतात.

पाच आणि दहा किलोमीटरच्या वेळांची तुलना करायची झाली तर अमेरिकी अभियंता पीट रीगेल याने १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र उपयोगी पडतं. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी जास्त, सुमारे २.०८५ पट होते. पाच किलोमीटर २० मिनिटांत धावणाऱ्याने दहा किलोमीटरला सुमारे ४१ मिनिटं ४२ सेकंदांची अपेक्षा ठेवावी. सरावाची दिशा ठरवायला हे छान आहे. क्रमवारी मात्र प्रत्यक्ष शर्यतीवरच लावावी.

मुली आणि ज्येष्ठ

मुलींची यादी स्वतंत्र हवी, गुणांचा तक्ता तोच हवा आणि बक्षिसाची रक्कमही तीच हवी. संख्या कमी आहे म्हणून बक्षीस कमी ठेवलं की संख्या कमीच राहते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली. पुढे ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून हे घडू शकतं, तर पैनगंगेच्या काठावरूनही घडू शकतं.

ज्येष्ठांसाठी जगात पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट करतात. आणखी एक सुंदर पद्धत आहे, वयाच्या प्रमाणात कामगिरी मोजण्याची. त्या वयाच्या सर्वोत्तम वेळेला आपल्या वेळेने भागून टक्केवारी काढतात. समजा एखाद्या वयासाठी तक्त्यात ३६ मिनिटं आहेत आणि त्या वयाचा माणूस ४८ मिनिटांत धावला, तर त्याचे ७५ टक्के झाले. या मापाने साठीचे आजोबा विशीच्या नातवापेक्षा सरस ठरू शकतात. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरीसाठी बारामतीला आलेल्या लता भगवान करे २०१३ साली पतीच्या उपचारासाठी पैसे हवे म्हणून ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत उतरल्या. नऊवारी नेसून, अनवाणी धावून त्या पहिल्या आल्या. ज्येष्ठांचा गट ठेवला होता, म्हणूनच त्यांच्यातला धावपटू जगाला दिसला.

शेवटच्या रेषेवरची वही

क्रमवारीची खरी परीक्षा शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर होते. वेळ टिपणाऱ्या महागड्या चिप लावण्याची गरज नाही. रेषेनंतर दोरी बांधून एकाच माणसाला जाता येईल अशी अरुंद वाट करावी. एकाने घड्याळावर वेळा टिपाव्यात, दुसऱ्याने त्याच क्रमाने चेस्ट नंबर लिहावेत, तिसऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी हातात द्यावी. तिन्ही नोंदी नंतर जुळवल्या की चूक लगेच सापडते. जिथून वळून परत यायचं त्या टोकाला प्रत्येकाच्या मनगटात रंगीत रबरबँड अडकवावा, म्हणजे मधूनच कुणी वळला असं म्हणायला वाव राहत नाही. क्रमांक नेहमी बंदूक किंवा शिट्टी वाजल्यापासूनच धरावा. मोठ्या स्पर्धांतही विजेता तसाच ठरतो.

गुण बरोबरीत आले तर काय हेही आधीच लिहून ठेवावं. आधी दोघे एकाच शर्यतीत धावले तेव्हा कोण जास्त वेळा पुढे होता ते पाहावं. तेही सारखं असेल तर कुणाचे पहिले क्रमांक जास्त, आणि शेवटी हंगामाच्या अखेरच्या शर्यतीचा निकाल.

आपल्या परिसरासाठी

तारखा तयारच आहेत. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, १५ जानेवारीला खाशाबा जाधव यांच्या जन्मदिनी साजरा होणारा राज्य क्रीडा दिन, २६ जानेवारी, १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराज जयंती, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. सहा दिवस, सहा गावं, आणि सगळे दिवस थंडीतले. प्रत्येक गावाने आपली शर्यत आपल्याच खर्चाने, आपल्याच पद्धतीने घ्यावी. फक्त तीन गोष्टी सगळ्यांनी सारख्या ठेवाव्यात: मोजलेला मार्ग, गुणांचा एकच तक्ता आणि प्रत्येक शर्यतीनंतर आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणारी यादी.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांच्या १६०० आणि मुलींच्या ८०० मीटरला २० गुण असतात आणि ते वेळेच्या टप्प्यांनुसार मिळतात. एका सकाळच्या त्या काही मिनिटांवर दोन-तीन वर्षांची मेहनत तोलली जाते. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, त्यांच्याकडे आपल्या धावण्याचा दुसरा कुठलाच पुरावा उरत नाही. हंगामाची क्रमवारी हा तो पुरावा आहे. अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि २०१५ च्या सुमारास तिथल्या क्रॉस कंट्री शर्यतीत धावू लागला. २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून त्याने राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्यातली ताकद सैन्यातल्या शर्यतीत दिसली. गावातल्या यादीत ती आधीच दिसली असती, तर त्याला आणखी काही वर्षं मिळाली असती.

फुलसावंगी आणि आसपासच्या गावांतल्या क्रीडा शिक्षकांना, सरपंचांना, भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांना आणि जयंती मंडळांना विनंती आहे. येत्या दिवाळीआधी एकदा एकत्र बसा, नियमांचा एक कागद तयार करा आणि पहिली शर्यत सुटण्याआधी तो सगळ्या गावांत लावा.